आरशावरच्या टिकल्या

ती. आईस साष्टांग नमस्कार,

आम्ही दोघं खुशाल आहोत. खोली उबदार आहे, जावई वेळेवर घरी येतात, काळजी करू नकोस. तुझा गुडघा कसा आहे? दादा डॉक्टरकडे नेतो, की नुसतंच "उद्या जाऊ" म्हणतो?

आज मात्र तुला एक सांगायचंय गं. लॉन्ड्रीत चादरींच्या घड्या घालताना सोबत काम करणाऱ्या इथल्या बाईने टिकलीबद्दल विचारलं. मी ऐटीत सांगितलं, "नवऱ्यासाठी असते. तो गेला की काढायची."

"मग लग्नाआधी लावत नव्हतीस?"

"लावायचे की! पाळण्यात होते तेव्हापासून आई लावायची."

"म्हणजे दिली आईने. मग नवऱ्याबरोबर का जाते?" असं म्हणून तिने पुढची चादर उचलली. माझी हातातच राहिली.

आई, तुझा तो फ्रॉकमधला फोटो आठवला. वय सहा, पुढचे दात पडलेले आणि कपाळावर हे एवढं मोठं कुंकू. तेव्हा बाबा कुठे होते? आणि ते गेले त्या दिवशी, कुणी सांगायच्या आत, आरशावरच्या तुझ्या टिकल्या मीच नखाने खरवडून काढल्या. वाटलं, तुला त्रास नको. तू दारातून बघत होतीस. तुला त्या काढायच्या होत्या का, हे सात वर्षांत मी कधी विचारलं नाही. कसली गं मी पोरगी!

खाली माझी एक टिकली चिकटवली आहे. कपाळाचं तुझं तू ठरव. आरशावर मात्र लावच. ती जागा मी रिकामी केली होती.

तुझीच,
धाकटी