माझं खोगीर रॉईसला

मी, ऑगस्टा थ्रेल्केल्ड, वय अडुसष्ट, धंदा गुरेपालन, राहणार उलट्या नालेचं रँच, पावडर नदीकाठ, वायोमिंग, शरीराने थकलेली पण डोक्याने ठणठणीत, कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. दडपण नाही असं लिहायची रीत आहे. भीती मात्र आहे, आणि ती पोटच्या पोराची आहे.

१. कारण आधी सांगते. आमच्याकडे दुसऱ्याच्या घोड्यावर कोणी खोगीर कसत नाही. पण वसंतात माझं मनगट मोडलं, तेव्हापासून ते काम माझे दोन मुलगे आळीपाळीने करतात. काल कातड्याला तेल लावताना तंग, म्हणजे घोड्याच्या पोटाखालून खोगीर आवळायचा पट्टा, उलटा केला, तर आतल्या बाजूने चाकूने कापलेला. जेमतेम बोटभर शिल्लक. कुजलेलं कातडं असं सरळ तुटत नाही. मी तो नालबंद पोमरॉयला तेवढा दाखवला आणि खोगीर तंगासकट तसंच खुंटीला टांगून ठेवलं. उद्या वरच्या कुरणातून गुरं उतरवायची आहेत, आणि ती वाट कड्याच्या अंगाने जाते.

२. चूल, भांडी आणि सगळ्या कोंबड्या स्वयंपाकीण मेबलला. घरात तेवढी एकटी माझ्यावर ओरडते.

३. नवऱ्याची बंदूक धाकट्या डेलला. दारूपायी विकणार असशील तर आधी काडतुसं काढ. तेलकंपनीची माणसं जमीन विकत मागायला आल्यापासून हा साऱ्या गावाला ऐकू जाईल असा ओरडतो, "दे ना जमीन, आई! मेल्यावर उरावर घेऊन जाणारेस का?" थोरला रॉईस कधी आवाज चढवत नाही. "तुझी मर्जी, आई," म्हणतो आणि माझ्या कॉफीत साखर ढवळून देतो. म्हणून तंग पाहिल्यावर माझ्या मनात डेलचंच नाव आलं.

४. मी अंथरुणात मेले, तर जमीन, पाणी, गुरं आणि त्यांच्या अंगावर उमटवायचा आमचा डाग दोघांत निम्मानिम्मा. अपघाताने मेले, तर सगळं शेजारच्या मार्टिन एचेवेरीला. होय, त्याच मेंढरंवाल्याला. त्याचं कुंपण माझ्या नवऱ्याने तीनदा तोडलं, आणि मी वीस वर्षं त्याला "कसा आहेस" म्हणून विचारलं नाही. तो खडूस आहे, पण माझ्या मरणाची वाट बघत नाही.

५. आज न्याहारीला कलम चार मी दोघांना वाचून दाखवलं.

डेलने टेबलावर मूठ आपटली. "मेंढरंवाल्याला? अगं, डोकं फिरलंय का तुझं? बाबा कबरीतून उठून बसेल!" मग स्वतःच खो खो हसत सुटला.

रॉईसने तोंड पुसलं. "घोडे बघून येतो," म्हणाला.

तबेला खिडकीतून दिसतो. त्याने माझं खोगीर उतरवलं, तंग सोडवून खिशात घातला आणि स्वतःचा नवा तंग लावला. कापलंय कुठे, हे त्याला उलटून बघावं लागलं नाही.

आत येऊन त्याने कॉफी ओतली, साखर ढवळली. "घे आई, निवतेय."

तो कप माझ्यासमोर आहे. मी त्याला हात लावलेला नाही. डेलवर इतके तास उगाच संशय घेतला याचं रडू येतंय, आणि आता रॉईसकडे बघवत नाही.

६. कलम चारमध्ये दुरुस्ती. "अंथरुणात" हे वाक्य खोडलं आहे. मी कशीही मेले तरी सगळं एचेवेरीलाच. हेही जेवताना मोठ्याने वाचणार आहे. डेल, तुझ्यावर अन्याय होतोय हे मला कळतं. मला जगू दे, म्हणजे नवं मृत्युपत्र लिहीन.

७. माझं खोगीर रॉईसला. जुना तंग त्याच्या खिशात आहेच.

वर लिहिलेलं सगळं माझंच, खाडाखोडीसकट.

सही : ऑगस्टा थ्रेल्केल्ड

साक्षीदार :
१. आयझॅक पोमरॉय, नालबंद (कापलेला तंग काल यांनीही पाहिला)
२. लुएला ब्रँट, शाळामास्तरीण

उलट्या नालेचं रँच, १४ सप्टेंबर १९५४