साहेबांचा वेल आणि चौथ्या मजल्यावरचं भातखाचर

नाशिक, कॉलेज रोड,
दसऱ्याच्या आदल्या दिवशी

तीर्थरूप धोंडाआत्या,

तुझ्या पायावर लांबूनच डोकं ठेवतो, कारण जवळ यायला रजा नाही. मी इकडे जिवंत आहे, तुम्ही तिकडे मजेत असाल असं धरून चालतो. सहादूमामांचा गुडघा काय म्हणतो? तांबडी शेळी व्याली का? हळवं भात कापायला आलं असेल. (भाताचं नाव काढलं तरी हल्ली मला कुंड्याच दिसतात, का ते पुढे कळेल.) साक्षीवहिनी हे वाचून दाखवेल, तिला नमस्कार. वहिनी, आवाज बारीक ठेव, भिंत कुडाची आहे. मी फोनच केला असता, पण आपल्या पाड्यावर रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर चढल्यावर मिळते, आणि टाकीखाली रावजीबाबा दिवसभर विडी ओढत बसलेले असतात. मला जे सांगायचंय ते तेजलच्या बापाच्या डोक्यावर उभं राहून ओरडण्यासारखं नाही.

ते तुझ्यासमोरच म्हणाले होते, पोरगं दिवाळीपर्यंत एका जागी टिकलं तर सोयरिकीचं बोलू, नाय तर याच्या पायाला भिंगरी, माझी पोर काय पिशवी घेऊन याच्या मागं फिरंल? बोलणं लागलं, पण खोटं नव्हतं. घोटीची भाताची गिरणी शिंकांमुळे सुटली, सुरत उकाड्यामुळे, पिंपळगावची द्राक्षं मुकादमामुळे, आणि सातपूरचा कारखाना का सोडला ते आता मलाही आठवत नाही. म्हणून ही नोकरी मी दातांनी धरून ठेवली आहे, आणि आता दातच हलायला लागलेत.

मोहिनी मॅडमनी मला घर आणि झाडं सांभाळायला ठेवलं तेव्हा एवढंच विचारलं की गाव कुठलं. मी सुरगाण्याकडचं सांगितलं, तर त्या खूश होऊन म्हणाल्या, डोंगरातला आहेस, म्हणजे झाडांचं तुला उपजतच कळत असणार. मी हो म्हणालो. आत्या, तूच सांग, आपल्या मोहाला कधी कोणी पाणी घातलंय? सागाला सकाळी उठून कसा आहेस म्हणून विचारतो का कोणी? आपल्याकडे झाड आपलं आपण जगतं आणि आपण त्याच्याखाली बसतो. इथे माणसं कमी आणि कुंड्या जास्त. तलवारीसारख्या उभ्या पानांचं स्नेक प्लांट, जाड पानांचं जेड, पांढऱ्या फुलाची पीस लिली, आणि सगळ्यांत मानाचा म्हणजे दिवाणखान्यातला मनी प्लांट. तो मॅडमच्या वारलेल्या साहेबांनी स्वतः लावलेला, पानांवर चुन्याचे शिंतोडे उडाल्यासारखा, साहेबांच्या फोटोला वळसा घालून खिडकीपर्यंत गेलेला. मॅडम लेकीच्या बाळंतपणाला परदेशी गेल्या तेव्हा विमानतळावरून फोन करून रडल्या, ते नातवासाठी असेल असं मला वाटलं. वेलासाठी होतं.

जाताना त्यांनी सांगितलं होतं, मातीत बोट घालून बघ, आत कोरडं लागलं तरच पाणी. मला हा कंजूसपणा वाटला. मी सगळ्या कुंड्यांखालच्या ताटल्या काठोकाठ भरून ठेवल्या, अगदी खाचरासारख्या, आणि वरूनही पाऊस पाडत राहिलो. थोडे दिवस झाडं खूश दिसली. मग पानं पिवळी पडली. भात पिवळं पडलं की आपण काय करतो? मी मूठ मूठ युरिया टाकला. जेडची पानं दाढ पडल्यासारखी टपटप गळाली. स्नेक प्लांटला मी हात लावला तर मुळासकट हातात आलं, खाली सगळा काला. तेव्हा मला वाटलं, मातीच खराब आहे, पेरणीआधी आपण वाफा भाजतो तसा हिला राब भाजल्याशिवाय गुण येणार नाही.

(मामांना हे वाचून दाखवू नका.) मी पूजेच्या दुकानातून गोवऱ्या आणल्या, वाळकी पानं गोळा केली, घमेल्यात कुंडीची माती घातली आणि गॅलरीत रीतसर राब भाजला. तो धूर आपल्याकडे रानात जातो. इथे तो पाचव्या मजल्यावर आशाताईंच्या वाळत घातलेल्या साड्यांत गेला. वॉचमन यादवकाका बादली घेऊन धावत आले आणि आग, माती, मी, सगळं विझवून गेले. आशाताई वरून वाकून म्हणाल्या, काय रे, होम घातलास की काय? मी घाबरून हो म्हणालो. मग प्रसाद कुठंय, म्हणाल्या. माझा उरलेला साजूक तुपाचा डबा त्या दिवशी शिऱ्यात गेला आणि शिरा सगळ्या सोसायटीत गेला.

तिथून खरी दैना सुरू झाली. आशाताईंनी मॅडमना कळवलं की तुमच्या पोराने झाडांसाठी होम घातला. मॅडम गहिवरल्या आणि रोज संध्याकाळी व्हिडिओवर साहेबांचा वेल बघायला लागल्या. आणि साहेबांचा वेल तर तेव्हाच कुजून गेला होता. मी त्याची चांगली चांगली पानं खुडून पाण्यात ठेवली. ती हिरवीगार राहिली, पण मूळ काही फुटेना. उसाचं आपण पान लावत नाही, पेर लावतो, हे मला आठवलं तोवर एकही पेर धड उरलं नव्हतं. नर्सरीत हिंडलो, तसल्या शिंतोड्यांचा वेल कुणाकडे नाही. मग मी वेल हवेला बाहेर काढलाय असं सांगून रोज गॅलरीत जाऊन, अंधूक उजेडात, आशाताईंचा वरून लोंबणारा मनी प्लांट मॅडमना दाखवू लागलो. मॅडम म्हणायच्या, किती वाढवलास रे, साहेब असते तर तुला मिठी मारली असती. साहेब फोटोतून माझ्याकडे बघतात, आत्या, आणि मिठी मारावीशी वाटणाऱ्या माणसाचं तोंड ते नाही.

वर मॅडमनी मैत्रिणींना सांगितलंय की डोंगरातला मुलगा आहे, हात लागला की झाड फुटतं. आता त्या आपापली आजारी झाडं माझ्याकडे आणून सोडतात. काल एक बाई मरायला टेकलेली पीस लिली ठेवून गेल्या आणि म्हणाल्या, हिच्यासाठी छोटासाच होम घाल. मला जेवण जात नाही. झोपेतही ताटल्या भरतो.

आणि आज आशाताईंनी दसऱ्याच्या साफसफाईत त्यांचा वेल कापून टाकला. मॅडम दिवाळीला येतायत. तोवर रेंज नाही असं सांगतोय, पण नाशकात ते किती दिवस चालणार?

सगळ्यांना नमस्कार, लहानांना पापा. मामांनी गुडघ्याला निरगुडी बांधावी.

तुझा पाण्यात बुडालेला भाचा,
नवनाथ

ता. क. शिमग्याला मी तुला तेलाच्या डब्यात पैशाचं झाड आणून दिलं होतं ना, ते साहेबांच्याच वेलाचं. (न विचारता नेलेलाच मनी प्लांट लागतो असं यादवकाका म्हणाले होते, म्हणून विचारलं नव्हतं.) तू ते मोरीच्या कडेला जमिनीत लावलंस आणि आता आंब्यावर चढून त्याची पानं सुपाएवढी झालीत असं मामा म्हणत होते. ती मोठी पानं नकोत, मॅडमना चक्कर येईल. खाली लोंबणाऱ्या फांदीची बारकी पानं बघ, पेराखाली काप, ओल्या फडक्यात गुंडाळ आणि सुरगाण्याच्या गाडीच्या कंडक्टरकडे दे.

पुन्हा ता. क. पण त्याच्या आधी एक काम कर. तेजलला पाण्यावर जाताना गाठ आणि विचार, नवनाथची ही नोकरी सुटली तर तिला चालेल का. टाकीजवळ विचारू नकोस. हो म्हणाली तर वेल पाठवू नकोस, मीच येतो.

आणखी ता. क. तरी वेल कापून पाण्यात घालून ठेव. तेजलही रावजीबाबांचीच लेक आहे.