तीन भिंगांचं मशीन आणि देवखोलीची भिंत

मी शांताराम भिकू मळीक, वय अडुसष्ट, राहणार पार्से, तालुका पेडणे, हे माझ्या हातानं लिहितो. डोकं ठिकाणावर आहे, प्यालेलो नाही, कोणाचा धाक नाही. वकील चार पानं करू म्हणत होता. मला दोन पुरतात.

१. घरातला माझा निम्मा हिस्सा बायको सुलोचना हिला. तिच्यामागे सून अर्चना हिला. अर्चना तरुण आहे. दुसरं लग्न केलं तरी हिस्सा तिचाच. यावर कोणी तोंड उघडू नये.

२. डिचोलीच्या खाणीवर सव्वीस वर्षं टिपर चालवला. जॅक, पाने, साखळ्या सगळं विठ्ठलला. विठ्ठल बेळगावकडचा, आमच्याकडे वायरिंगची कामं करतो. त्याची माफी मागायची राहिली, ती इथेच मागतो.

३. प्रोजेक्टर. मुलगा दीपक खाणीच्या रस्त्यावर टिपर उलटून मेला, दोन वर्षं झाली. त्याच्या लग्नाची कॅसेट आहे, गोवा राज्य झालं त्या वर्षीची. पुढे सुलोचनाला समोरचं दिसेना, कडेचं तेवढं दिसे. डॉक्टर म्हणाला, वर्षभरात तेही जाईल. टीव्हीवर दीपकचा चेहरा लिंबाएवढा. ती म्हणाली, "दाराएवढो असतो तर माका गावलो असतो." म्हापशाला एक व्हिडिओ हॉल बंद पडला, तिथलं मशीन घ्यायचं ठरवलं. तांबडं, हिरवं, निळं अशी तीन भिंगं त्याला.

विठ्ठल म्हणाला, "काका, आधी खोली मापा, पडदा मापा, मग मशीन बघा. ह्याचं अंतर ठरलेलं असतं."

मी म्हटलं, "सव्वीस वर्षं खाणीच्या कड्यावर टिपर मागे घेतलाय. मला अंतर नको शिकवू."

मशीनला पंधरा फूट लागत होते. आमची खोली दहा. पडद्यावर तीन दीपक आले, तांबडा, हिरवा आणि निळा, एकमेकांना चिकटून. विठ्ठल दोन दिवस स्क्रू फिरवत बसला, तिघांचा एक होईना. बाकीच्या खोल्या त्याहून लहान. वसरी उघडी, तिथे मेलेल्या मुलाला बघायला गाव जमला असता.

४. भिंतीपलीकडे देवखोली. ती थोरला भाऊ गोकुळदास आणि माझी सामाईक. भिंत काढायची तर देव हलवायला हवे. तो म्हणाला, "देव हालवतलंस तर आदी कौल घे. मी काय अडवीत नाय." असले सोपस्कार मी जन्मात केले नाहीत. पण मुलगा गेला होता. भ्यालो आणि ऐकलं. माघात देवाला पाकळ्या लावल्या, डावी पडली, म्हणजे नकार. शिगम्यानंतर लावल्या, एकही पडली नाही. श्रावणात उजवी पडली. भिंत मी एका दिवसात काढली.

आता तिघांचा एक दीपक होतो, दाराएवढा. सुलोचनाची नजर आषाढातच गेली.

भिंतीचे चिरे अंगणात रचलेत. निम्मे गोकुळदासाचे. मोजून द्यावेत, एकही जास्त नको.

५. सुलोचना तरीही रोज संध्याकाळी कॅसेट लावायला सांगते. "आता काय करता तो?" असं विचारते. मी सांगतो, हार घालतो, घाम पुसतो, हसतो. माझ्याकडे शब्द कमी. अर्चना त्या वेळी विहिरीवर जाऊन बसते. तिच्यावर हे काम टाकू नये. बघून सांगणारा दुसरा कोणी घरात नाही.

म्हणून माझ्यामागे मशीन विठ्ठलने काढून न्यावं. सुलोचनाला सांगावं, वीज गेली. पेडण्यात वीज जाते, ती मानेल. दुसऱ्या दिवशीही तेच सांगावं. असं किती दिवस सांगायचं, ते मला सुचलं नाही.

हे दोघा साक्षीदारांना वाचून दाखवलं. त्यांनी माझ्यासमोर सह्या केल्या, मी त्यांच्यासमोर केली.

सही: शांताराम भिकू मळीक

साक्षीदार:
हरी बाबलो परब, शेजारी
राजेश सखाराम गावस, पूर्वी माझ्या टिपरवर क्लीनर

पार्से, ता. १९ नोव्हेंबर १९९२