इलारियेची सुरई कोणी विकू नये

मी, पारास्किवा बल्तेआनू, कै. इलारिये बल्तेआनू यांची पत्नी, वय एक्क्याऐंशी, राहणार क्रायोवा, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता, स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे गेले, पण इस्टेट वाटायला गुडघे लागत नाहीत.

कलम १. माझे राहते घर, परसातल्या आलुबुखाराच्या झाडासह, लुमिनित्सा हिला द्यावे. जुन्या बाजारात माझ्या शेजारच्या टेबलावर ती जुनी कुलपे आणि बटणे विकते. मी अंथरुणाला खिळले होते तेव्हा तिनेच सूप आणून भरवले. नवऱ्याचा भाचा डोरिनेल म्हणेल की मीच तेवढा रक्ताचा. रक्त ढेकणातही असते.

कलम २. रविवारच्या बाजारातले माझे टेबल, ताडपत्री, तांब्याची भांडी आणि पितळी दिवे हेही लुमिनित्सालाच. अट एकच, माल माझ्या पद्धतीने शोधायचा. इटलीला कामाला निघालेले लोक घर मोकळे करतात, तिथे जावे. तिथल्या म्हातारीचा पोटमाळा आधी झाडून द्यावा, तिची गोष्ट ऐकावी, मग भावाचे बोलावे. पण आमच्याकडे माणूस गेले की आरसा झाकतात. ज्या घरातल्या आरशावरचा कपडा अजून उतरलेला नाही, त्या घराच्या फाटकालाही हात लावू नये. हे लिहून सांगायची वेळ यावी याचीच मला शिसारी येते.

कलम ३. डोरिनेल. हा इसम माझ्या टेबलासाठी गावोगाव फिरून माल आणायचा. सुरया, वाडगे, हाताने विणलेले टॉवेल. टॉवेलांवर मेणाचे डाग असत. मी म्हणायची, खेड्यात वीज जाते, मेणबत्त्या लावत असतील.

इलारिये गेला. चाळिसाव्या दिवशी मी त्याच्या नावाने पोमाना घातली, म्हणजे मेलेल्यासाठीचे दान. पेटती मेणबत्ती, टॉवेल आणि एक भांडे द्यायचे. घेणाऱ्याने "देव त्याला क्षमा करो" म्हणायचे आणि ते भांडे वापरायचे. तो इकडे जे पितो ते तिकडे आपल्या माणसाला पोचते. लोक नवे भांडे देतात. मी इलारियेची स्वतःची सुरई दिली, कोंबड्याचे चित्र असलेली. तिची दांडी तुटली तेव्हा त्यानेच तांब्याची तार गुंडाळली होती. दिली डोरिनेलला. तो ढसाढसा रडला.

पुढच्या रविवारी ती माझ्याच टेबलावर होती. एक परदेशी गिऱ्हाईक तिला उलटीसुलटी करून बघत होते आणि डोरिनेल सांगत होता, दोनशे वर्षांपूर्वीची, मठातली. मी ती त्या माणसाच्या हातातून ओढून घेतली.

"अरे मेल्या, ही मामाच्या नावाची आहे! हिच्यातून तू पाणी प्यायचं होतंस!"

"मामी, मी बाटलीतून पितो. आणि गिऱ्हाईक कशाला घालवलंत? फुकटचा माल होता."

"फुकटचा?"

"मग? बाकीचा कुठून आणतो असं वाटलं तुम्हाला? मयताच्या रांगेत उभं राहायचं, डोळे पुसायचे, हात पुढे करायचे. इतके दिवस विकलात तेव्हा नाही नाक मुरडलंत!"

ओळख ना देख, परक्यांच्या मयताला जाऊन हा रडत होता, आणि टॉवेलांवरचे ते मेण पोमानेच्या मेणबत्त्यांचे होते. मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणारे मी ऐकले होते. या नीचाने ते माझ्या टेबलावर मांडले. वर म्हणाला, "हवीच असेल तर घ्या विकत." मी घेतली. नवऱ्याच्या नावाने दिलेले दान मी पैसे देऊन परत आणले आणि त्याला त्याच दिवशी हाकलले.

तेव्हापासून ती खिडकीत रिकामी उभी आहे. फादर व्हिसारिओन म्हणतात, "आजी, देव काही दुकानदार नाही, तो समजून घेईल." देव घेईलही. पण इलारिये तिकडे कशातून पीत असेल, हे मला कोणी सांगत नाही. एकदा विकली गेलेली सुरई पुन्हा दान देता येत नाही.

डोरिनेलला माझ्या इस्टेटीतले काहीही मिळू नये. कायद्यानेही त्याचा हक्क नाही, मी वकिलाला विचारले आहे. मात्र माझ्या पोमानेला तो येईल, सवय आहे. त्याला पाण्याची एक प्लास्टिकची बाटली आणि मेणबत्ती द्यावी आणि "देव तिला क्षमा करो" हे सर्वांसमक्ष मोठ्याने म्हणायला लावावे.

कलम ४. माझी शवपेटी घराबाहेर निघताना उंबऱ्यावर मडके फोडतात. त्यासाठी नवे मडके आणू नये. इलारियेची सुरई फोडावी. हे काम शेजारीण साव्हेताने करावे, तिचा हात जड आहे. तुकडे चांगले बारीक करावेत. मोठे उरले तर डोरिनेल ते चिकटवून रोमन काळातले म्हणून विकेल.

इलारियेला आता भांड्याची गरज नाही. मी येतेच आहे. ओंजळीने पाजीन.

हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला आमच्या कायद्याने साक्षीदार लागत नाहीत, मला लागतात. खालील दोघांनी हे माझ्या तोंडून ऐकले आणि माझ्यासमोर सह्या केल्या.

साक्षीदार: साव्हेता मिर्चोयू, शेजारीण (सुरई फोडायचे कबूल)
साक्षीदार: फादर व्हिसारिओन (कलम ३ मधील भाषा नापसंत, बाकी मान्य)

सही: पारास्किवा बल्तेआनू
क्रायोवा, १४ ऑक्टोबर २०१९, माझ्या नावाच्या संतिणीचा सण