घडी न पडलेलं कापड

१२ नोव्हेंबर

आजी सुटली.

सकाळी आत्याचा फोन. आधी रडली, मग म्हणाली, "सुटली रे म्हातारी. पाणीसुद्धा गिळवत नव्हतं." मला वाटलं होतं मी ढसाढसा रडेन. तसं काही झालं नाही. हलकं वाटलं. इतके दिवस फोन वाजला की उचलायची भीती वाटायची, ती आता वाटायची नाही.

दफन उद्या दुपारी. मी आत्ता निघालो तरी पोचत नाही. आत्याच म्हणाली, "उगाच धावपळ करू नकोस. ती काही रागवायला उठणार नाही."

फोन ठेवला आणि आठवलं — कापड!

त्याच दिवशी, जेवणाच्या सुट्टीत

लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल.

चर्चमधल्या वेदीवरची कापडं आजी धुवायची. आजोबा गेले तेव्हापासून. त्या कापडांची बादली वेगळी. तिला कुणी हात लावला तर त्याची खैर नाही. धुतलेलं पाणी मोरीत ओतायचं नाही, झाडाच्या बुडाशी ओतायचं. "प्रभूच्या मेजावरचं आहे, गटारात जायचं नाही." आणि घडी कधी घालायची नाही, रेघ पडते. इस्त्री झाली की लाकडी दांड्यावर गुंडाळायचं.

इस्त्री माझ्याकडे. शाळा सोडली तेव्हापासून. आत्याला ती जवळ येऊ द्यायची नाही. "तिच्या हाताला घाई आहे. ह्याच्या पायाला भिंगरी आहे, पण इस्त्री धरली की हात कसा शांत होतो बघ." मी इस्त्री करायचो आणि ती शेजारी बसून स्तोत्रं म्हणायची. सूर नाही, ताल नाही, आवाज मात्र पार कोपऱ्यापर्यंत. शेजारचा शिंपी म्हणायचा, "आजी, देव बहिरा नाही."

"तुझ्यासाठी म्हणते रे. त्याला ऐकू जातंय."

तेव्हाच कधीतरी म्हणाली होती, "मी गेले की माझ्या पेटीवर टाकायचं कापड तू इस्त्री करायचंस. दुसऱ्या कुणाचं मला नको." मी हो हो म्हटलं. आजी मरेल असं तेव्हा कुणाला वाटत होतं?

उद्या आत्याच्या घाईचं कापड पडणार तिच्यावर.

१३ नोव्हेंबर

आत्ता तिकडे चाललं असेल सगळं. इथे लाँड्रीत हॉटेलांच्या चादरी संपत नाहीत. मशीनमधून काढ, घडी मार, ढिगावर टाक. आज माझ्या हातानं एक चादर गुंडाळूनच ठेवली. मुकादम ओरडला, "ही चादर आहे का चटई?" सगळे हसले. मीही हसलो. तेवढंच बरं वाटलं.

घर सोडलं त्या दिवशीही तिनं मला सुखानं बसू दिलं नव्हतं. माझी बॅग भरलेली, बूट घातलेले, आणि ही दारात ओलं कापड घेऊन उभी! पांढरं, टोकांना तिनंच भरलेले क्रूस. लांबच लांब. मी म्हटलं, "आजी, वेदी वाढली का?"

"तोंड बंद, इस्त्री चालू."

चिडूनच केली. पण केली नीट. तिनं ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं, सुरकुती सापडली नाही. "झालं. आता जा कुठं जायचं तिथं." रडलीसुद्धा नाही. मला वाईट वाटलं होतं. नातू चाललाय आणि हिला चर्चच्या कापडाची पडलीय.

१४ नोव्हेंबर

भीत भीत आत्याला विचारलं, पेटीवर काय टाकलंत?

"तुझंच की! ट्रंकेत दांड्यावर गुंडाळून ठेवलेलं होतं. पाळकसाहेबांना तिनं कधीच सांगून ठेवलं होतं — नातू लांब गेलाय, त्याला जमायचं नाही, त्याच्यासाठी थांबू नका. इस्त्री त्याच्याकडून निघतानाच करून घेतलीय."

वेदी वाढली नव्हती.