दहाच्या खालची हवा

बाबा, तुमच्या दुकानात यंदा उन्हाळ्याच्या तोंडाशी एक दातांचे डॉक्टर आले आणि टायरला दात किती मोठे असावेत हे मला समजावून सांगू लागले. तुम्ही असता तर हातातली हातोडी खाली ठेवून आधी दोन चहा सांगितले असते, कारण असं गिऱ्हाईक रोज येत नाही. मीही सांगितले. चहा येईपर्यंत कळलं की त्यांनी कुणाकडून तरी एक जुनी बग्गी घेतली आहे. बग्गी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे नवरदेव आला, पण ही वरातीतली नव्हे. दुकानासमोर उभी होती ती नुसत्या पाइपांची, ना छत ना दारं. दोन खुर्च्या, बांधून घ्यायला पट्टे, आणि इंजिन पार मागे, मागच्या चाकांच्या उरावर. माळावर, चिखलात, रेतीत उधळायची म्हणूनच ती बनवतात. उपयोग म्हणाल तर काहीच नाही. तुम्हाला फार आवडली असती.

डॉक्टरांना ती पूर्णेच्या रेतीत चालवायची होती. पुढच्या टायरांचं त्यांना काही पडलं नव्हतं, मागचे मात्र रेती फाडत गेले पाहिजेत म्हणाले, आणि हाताचा पंजा करून दाखवला. मी म्हटलं, "डॉक्टर, रेती फाडायची नसते." ते म्हणाले, "तुम्ही चालवली आहे का रेतीत गाडी?" मी म्हटलं, "मी नाही, माझ्या बाबांनी चालवली होती. तेवढं पुरेसं आहे." एवढ्यात मागच्या खोलीतून काठीचा आवाज आला. आईला हल्ली फोनची घंटा ऐकू येत नाही, पण माहेरच्या नदीचं नाव भिंतीपलीकडून ऐकू येतं. दारात उभी राहून तिने विचारलं, "कोनती पूर्णा? आमची का?"

तो दिवस तुम्हाला आठवत असेलच. पण तुम्ही तो सांगताना नेहमी घाईघाईने आटपायचात, म्हणून मी सांगते. मी तिसरीत की चौथीत आहे. तुम्ही नुकतीच जुनी जीप घेतली आहे आणि तिच्या मागच्या चाकांना खोल दातांचे नवेकोरे टायर चढवले आहेत, ट्रॅक्टरच्या टायरचे धाकटे भाऊच. आपल्या काळ्या मातीतल्या माणसाला दुसरं सुचतच नाही. पावसाळ्यात शेतरस्त्याच्या चिखलातून जो टायर दात रोवून बाहेर येतो तो कुठूनही बाहेर येईल, अशी आपली श्रद्धा. आपण बुलढाण्याहून राजूर घाट उतरतो, मोताळा मागे टाकतो आणि आईच्या माहेरी पोचतो. नदीपलीकडे मारोतीचं ठाणं आहे, दरसाल तिथे रोडग्यांचा, म्हणजे निखाऱ्यात भाजलेल्या कणकेच्या जाड गोळ्यांचा, नैवेद्य असतो, आणि सगळं माहेर भांडी डोक्यावर घेऊन आटलेल्या नदीच्या रेतीतून पायी निघालं आहे. तुम्ही म्हणता, "पायी काऊन? भांडे जीपमंदी टाका." थोरले मामा म्हणतात, "जवाईबुवा, हे रेती हाय. घाटावर नसते हे."

झालं. घाटावरच्या माणसाला घाटाखालच्या माणसाने, तेही मेव्हण्याने, असं म्हटल्यावर तुम्ही थोडेच थांबणार. कणकेची परात, वरणाचा गंज, वांगी, गोवऱ्यांचं पोतं, आजी, आई आणि मी, सगळ्यांना बसवून तुम्ही जीप नदीत घातलीत. अर्ध्यावर मागची चाकं नुसती फिरू लागली आणि जीप पुढे जायच्याऐवजी खाली जाऊ लागली. तुम्ही आणखी दाबलंत, ती आणखी खाली गेली. टायरचे ते दात इमानेइतबारे आपलं काम करत होते, विहीर खणत होते. जीपचं पोट रेतीला टेकल्यावर तुम्ही उतरलात. चाकाकडे पाहिलंत, मामांकडे पाहिलंत. मला वाटलं, आता कुणाला तरी बोलणी बसणार, बहुतेक मलाच. आणि तुम्ही हसायला लागलात. हसता हसता चाकाला टेकून रेतीतच बसलात. आजी गाडीतून न उतरताच म्हणाली, "मारोतीले इथूनबी दिसते. पेटवा इथंच." गोवऱ्या नदीच्या मधोमध पेटल्या, रोडगे तिथेच निखाऱ्यात भाजले, तिथेच बुक्कीने फोडून तुपात कालवले. पुढच्या साली पायी आलेल्या माणसांनीही त्याच जागी गोवऱ्या मांडल्या. मग ती जागाच ठरून गेली. मारोतीने कधी तक्रार केली नाही.

तक्रार होती ती माझी. त्यानंतर लग्न असो, बारसं असो, तेरवी असो, तुम्ही मांडवात पाय टाकला की मामा विचारायचे, "जवाईबुवा, कसे काय टायर?" सगळा मांडव हसायचा, तुम्हीही हसायचात, पण तुमचे कान लाल व्हायचे ते मी पाहायची. अख्ख्या बुलढाण्याचे टायर ज्याच्या हातून जायचे, त्याची सासुरवाडीत ओळख काय, तर रेतीत फसलेला जावई. मला त्याचा फार राग यायचा. एक दिवस आपल्या दुकानातून टायर लावलेली गाडी मी त्या रेतीतून नेणार आणि मामांची तोंडं बंद करणार, हे तेव्हापासून डोक्यात होतं.

तुम्ही गेल्यावर आई रोडग्यांना गेलीच नाही. आधी मन होईना, मग गुडघे होईनात. रेतीत तिचं एक पाऊल पडतं आणि दुसरं उचलत नाही. मागे मामांनी सुचवलं की खुर्चीत बसवून चौघं जण नेऊ. ती म्हणाली, "चौघायच्या खांद्यावर मी एकदाच जाईन, अन् तवा तुमाले विचारनार नाई." विषय संपला. पण डॉक्टर चहा पीत होते त्या दिवशी ती बग्गीच्या पाइपांवरून हात फिरवत राहिली आणि मला म्हणाली, "याच्यात बसून जाता येते का वं? जमलं तं यंदाच जमन. पुढल्या सालचं कोनाले मालूम." ती कधी काही मागत नाही हे तुम्हाला माहीत आहे. मी डॉक्टरांना तिथेच सांगितलं, मागचे टायर मी निवडणार, आणि नदीतली पहिली फेरी माझ्या आईची, चालवणार मी. भला माणूस, एका शब्दात हो म्हणाला. फक्त जाताना म्हणाला, "दात थोडे तरी ठेवा."

आता धंद्याचं बोलते. खोल दातांचे तर पहिल्यांदाच बाद, त्यांचा अनुभव घरात होता. मग डॉक्टरांनी मोबाइलवर दुसरे दाखवले, खास रेतीसाठी केलेले, टायरभर आडव्या उंच पट्ट्या, वल्ह्यासारख्या. कोरड्या खोल रेतीत त्यांना तोड नाही, हे मी कबूल केलं. पण ते रेती उपसून मागे फेकत पळतात. त्यांना वेग लागतो, इंजिनात तसा जोर लागतो, आणि कडक जमिनीवर ते बसणाऱ्याची हाडं मोजतात. पूर्णेत काही नुसती रेती नाही. काठाला मुरूम, मग रेती, मध्ये ओलीचा पट्टा, पुन्हा रेती. गाडीत ऐंशीच्या घरातलं माणूस. शिवाय मागून पायी येणाऱ्या अख्ख्या माहेराच्या तोंडात रेती गेली असती ते वेगळंच, आणि तो मोह मी मोठ्या कष्टाने आवरला. शेवटी घेतले ते रुंद, मऊ अंगाचे, उथळ नक्षीचे. रेतीवर नखाने टोकरू नये, तळव्याने चालावं, एवढंच त्यातलं तत्त्व. त्यातही फार रुंद घेतले असते तर चाक फिरवतानाच त्या इंजिनाला धाप लागली असती, म्हणून मधलं माप. डॉक्टरांनी टायर पाहिले आणि त्यांचा चेहरा पडला. "यांना तर दातच नाहीत!" मी म्हटलं, "वय झालं समजा. कवळीशिवाय जेवतील."

पण खरी गंमत हवेची. दहावी झाले तेव्हा मैत्रिणींना घड्याळं मिळाली आणि मला तुम्ही टायरमधली हवा मोजायचा गेज दिलात, पितळी, कातड्याच्या डबीतला. तेव्हा मी रुसले होते, आता तो दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाही. तुमचा नियम एकच, हवा कडक. एकदा मी ट्रकच्या चाकात थोडी कमी ठेवली, तर तुम्ही हातोडीने टायर वाजवून सगळ्या दुकानासमोर विचारलंत, "माय, हवा का विकत आनतो आपन? काऊन कंजुशी करून राह्यली?" ड्रायव्हर हसले आणि मी पुन्हा कधी कमी ठेवली नाही. रेतीत मात्र हवा सोडावीच लागते. टायर बसला, पसरला, तरच तो वर राहतो. मी बग्गीच्या मागच्या चाकातली हवा सोडत गेले, तुमच्या गेजचा काटा उतरत दहावर आला, आणि त्याच्या खाली आकडेच नाहीत! तुमच्या जगात दहाच्या खालची हवा नव्हतीच, बाबा. मग गेज डबीत ठेवला आणि अंगठ्याने दाबून दाबून पुढची हवा सोडली. फार सोडली तर वळताना टायर रिमवरून निसटतो, म्हणून वळणं मोठी आणि सावकाश घ्यायची, हे स्वतःला बजावलं. तुम्ही शेजारी उभे राहून ओरडताय असं सारखं वाटत होतं, आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं.

रोडग्यांच्या दिवशी बग्गी टेम्पोतून घाट उतरली. काठावर आईला पट्ट्यांनी बांधलं तेव्हा ती म्हणाली, "मले काय पळून जायाचं हाय का?" आणि वांग्याच्या भाजीचा डबा मांडीवर घेतला, कुणाला देईना. थोरले मामा आता काठी टेकतात, पण जीभ तशीच आहे. "भाची, दोर आनून ठेवला हाय बरं का." मी गाडी नदीत घातली. एकसारखा वेग, न थांबता, न झटका देता. मुरूम गेला, रेती लागली, आणि बग्गी तिच्यावरून अशी निघाली की डब्यातलं तेलही हललं नाही. आईने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पदर डोक्यावरून घट्ट घेतला. मारोतीचा झेंडा आणि अलीकडच्या काठावरची पाण्याच्या मोटारीची खोली एका ओळीत आली की ती जागा, एवढं तिने डोक्यात धरून ठेवलेलं. "थांब वं. इथंच." मी पाय काढून घेतला आणि गाडी आपोआप थांबली. चाक बोटभरही रुतलं नव्हतं. मामा येऊन वाकले, अंगठ्याने टायर दाबून म्हणाले, "याच्यात तं हवाच नाई वं." मी म्हटलं, "घाटावरचं टायर हाय, मामा." मामा तोंड उघडं ठेवून दुसरं चाकही दाबून पाहू लागले. तुमची फार आठवण आली. तुम्ही ते तोंड पाहायला हवं होतं.

गोवऱ्या पेटल्या, रोडगे झाले, डॉक्टरांनी एवढं तूप खाल्लं की आता थांबा म्हणून मी त्यांना त्यांच्याच पेशाची शपथ घातली. आईने अख्खा रोडगा संपवला, पण मधूनमधून तिची नजर चाकाकडे जात होती. शेवटी म्हणाली, "फसली नाई?"

"नाही ना आई. आता नाही फसत."

"हाव. चांगलं हाय." आणि थोड्या वेळाने, निखाऱ्याकडे पाहत, "लग्नाले दहा-बारा वर्सं होऊन गेल्ती माह्या, पन तुह्या बापाले पोट धरून हसताना मी त्याच दिवशी पाह्यलं. इथंच. तवापर्यंत मले वाटे, हा मानूस बी हवा भरल्यावानी कडक हाय." आपण ज्या दिवसाची लाज बाळगली, तो तिने जपून ठेवला होता.

निघताना काय झालं ते मामा सांगतात तसंच लिहिते. आई बसली, पट्टा लावला, मी गाडी वळवायला घेतली आणि इंजिनाने एकदम आवाज केला. उजवं मागचं चाक गरगर फिरलं आणि आसापर्यंत खाली गेलं. थोरल्या मामांनी काठी वर केली आणि ओरडले, "फसली! घाटावरची फसली!" डॉक्टर धावत आले, "मी सांगितलं होतं, दात पाहिजे होते!" आणि आई हसायला लागली. पट्ट्यांत अडकून, पोट धरून, पदराने डोळे पुसून हसत राहिली. उतरवून घेतल्यावर ती चाकाला टेकून रेतीतच बसली, आणि मामा-मंडळी रेती उपसत असताना कुठून उपसायची ते सांगत राहिली. घरी पोचेपर्यंत मध्येच आठवून हसायची.

तुमचं नाव धुऊन काढायला गेले होते, बाबा, आणि आता त्याच्या जोडीला माझंही लागलं. मामांचा दर आठवड्याला फोन येतो, "भाची, कसे काय टायर?" डॉक्टर पुन्हा दातांचे टायर मागताहेत, आणि त्यांना नको का म्हणते ते मला धड सांगताही येत नाही.

हे पत्र टाकणार कुठे? घडी घालून तुमच्या गेजच्या डबीत ठेवते, आणि डबी वरच्या फळीवर, आईचा हात पोचत नाही तिथे. कारण अजून कुणालाच सांगितलेलं नाही. टायर चांगले होते, बाबा. पाय मी मुद्दाम दाबला.