मठाचा नियम

१९ ऑक्टोबर १९८६

प्रिय लाम्बर्ट,

आम्ही सगळे बरे आहोत. बटाटे निघाले, तळघर भरलं. माझा गुडघा कुरकुरतो, पण चालायचंच.

गेल्या रविवारी गावच्या चर्चमधल्या आम्हा बायकांची बस तुझ्या मठात आली होती. तुला मुद्दामच कळवलं नव्हतं. छतावर रंगवलेले ते ढग, ते देवदूत, सगळीकडे सोनं! ट्राउडी म्हणाली, "बुर्गी, तुझ्या भावानं तर स्वर्गातच बिऱ्हाड थाटलंय गं!" मी मिरवून घेतलं.

तरी तुला न भेटता परतले. बस निघत होती, असं लिहिणार होते. ते खरं नाही.

पाहुण्यांचं बघणारे म्हातारे फादर इल्डेफॉन्स आम्हाला सूप वाढत होते. मी फादर गोथार्डची बहीण म्हटल्यावर (मठात तुझं नाव तेच ना!) मायेनं जवळ बसले. म्हणाले, "शेवटी लेक आईच्या उशाशी होता, हे बरं झालं."

मी म्हटलं, "कसा असणार? तुमचा नियम कडक ना? मठ सोडता येत नाही."

"अहो बाई, आम्ही काय कैदी आहोत? मठाधिपतींनीच पाठवलं त्यांना. 'आईजवळ राहा, परतायची घाई नको,' म्हणाले. चांगले रापून आले की उन्हानं!"

आई फेब्रुवारीत गेली. तेव्हा आपल्या गावात धुकं असतं, लाम्बर्ट. ऊन असतं ते वर डोंगरात, बर्फावर.

फादर माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी हसून म्हटलं, "हो हो, आला होता. माझंच डोकं हल्ली चालत नाही." देवाच्या घरात मी तुझ्यासाठी खोटं बोलले.

आई दाराकडे डोळे लावून होती. तू पत्रात कळवलं होतंस तेच सांगून मी समजूत घालायची, "नियम आहे गं." शेवटी तीच म्हणाली, "माझ्यापायी नियम मोडू नको म्हणावं पोराला." आणि त्यातच समाधान मानून गेली.

संध्याप्रार्थनेला तू आलास. खांबाआडून ऐकलं तुला. गळा तसाच गोड आहे. ते सहन होईना, म्हणून बाहेर पडले.

कुठं, कुणाबरोबर गेला होतास, विचारत नाही. मठाधिपतींनाही काही कळवणार नाही. पण येत्या दोन नोव्हेंबरला, मृतात्म्यांच्या दिवशी, तू आईच्या कबरीपाशी यायचंस आणि माझ्यादेखत तिला खरं सांगायचंस. तेवढं जमणार नसेल, तर मला उत्तर लिहू नकोस. माझ्यासाठी प्रार्थना तर मुळीच करू नकोस.

अजून तरी तुझी बहीण,
बुर्गी